गडाचा चढ आणि हायब्रिड मोटार

वणीहून नांदुरीमार्गे सप्तशृंगगडावर तुम्ही कधी ना कधी गेला असाल. पेट्रोल एंजिन व विजेची मोटर अशी जोडी असलेली हायब्रिड गाडी या घाटात का दमते, ते पाहू.

माणसांसह गाडीचे वजन १५०० किलोग्रॅम व चढ ४०० मीटर धरा. नुसती उंची गाठायला १५०० × ९.८ × ४०० म्हणजे सुमारे ५९ लाख जूल ऊर्जा लागेल. एक युनिट म्हणजे ३६ लाख जूल. तेव्हा ही झाली १.६ युनिट. टोयोटा हायरायडर हायब्रिडची बॅटरी जेमतेम ०.७६ युनिटची, आणि तीही टिकावी म्हणून पूर्ण रिकामी होऊ देत नाहीत. एकट्या बॅटरीवर अर्धा घाटही चढणार नाही!

मग भार एंजिनावर. ते ॲटकिन्सन पद्धतीचे. त्याची आत घेणारी झडप उशिरा मिटते, थोडी हवा परत जाते. इंधन वाचते, पण जोर घटतो. झडप लवकर मिटवून जोर वाढवू म्हणाल, तर दाब वाढून एंजिन ठोके देऊ लागते. मोटरला जादा प्रवाह द्यावा, तर बॅटरी तापते आणि आणखी लवकर संपते.

उतरताना मोटर जनित्र बनते खरी. पण छोटी बॅटरी पायथ्याआधीच भरते. उरलेली ऊर्जा ब्रेक तापवण्यात जाते.