बिलियर्ड्सचे जगज्जेते विल्सन जोन्स

गोट्या आणि कॅरम आपल्याला नवीन नाहीत. भुईगावात वाडीचे काम आटोपले की कुठे पोरे नेम धरून गोट्या मारतात, कुठे मोठी माणसे कॅरम मांडून बसतात. नेम, हाताचा अंदाज आणि थंड डोके, ही या खेळांची तीन अंगे. याच तीन अंगांच्या जोरावर आपल्या महाराष्ट्रातला एक माणूस साऱ्या जगात पहिला आला. त्यांचे नाव विल्सन जोन्स. नाव इंग्रजी वळणाचे, पण माणूस पुण्याचा. त्यांचा खेळ होता बिलियर्ड्स.

आधी हा खेळ समजून घेऊ.

एक मोठे टेबल असते. लांबी बारा फूट, रुंदी सहा फुटांहून थोडी जास्त. वर हिरवे लोकरी कापड ताणून बसवलेले असते. कापडाखाली काय असते, ठाऊक आहे? दगड! आपण ज्या पाटीवर अ-आ गिरवतो, त्याच पाटीच्या दगडाच्या जाड फरश्या. लाकूड पावसाळ्यात फुगते, वाकते. दगड वाकत नाही. म्हणून चेंडू सरळ धावतो. टेबलाच्या कडेला सहा भोके असतात. चार कोपऱ्यांत चार आणि लांब बाजूंच्या मध्यावर एकेक.

चेंडू तीनच. एक तांबडा आणि दोन पांढरे. दोघा खेळाडूंचा एकेक पांढरा. ओळखू यावा म्हणून एका पांढऱ्यावर ठिपका असे. अलीकडे त्या जागी पिवळा चेंडू घेतात. चेंडूला हात लावायचा नाही. लांब काठीच्या टोकाने तो ढकलायचा. काठीच्या टोकाला चामड्याची टिकली असते. ती चेंडूवरून घसरू नये म्हणून खेळाडू तिच्यावर खडू घासतो. म्हणजे पाटी आली, खडूही आला. बिलियर्ड्सचे टेबल म्हणजे एक शाळाच म्हणा की!

आता गुण कसे मिळतात ते पाहू. आपल्या चेंडूने एकाच फटक्यात बाकीच्या दोन्ही चेंडूंना स्पर्श केला की 2 गुण. तांबडा चेंडू भोकात घातला की 3. समोरच्याचा चेंडू घातला की 2. आणि आपला चेंडू दुसऱ्याला लागून स्वतःच भोकात गेला तरी गुण मिळतात, बरं का! तांबड्याला लागून गेला तर 3, समोरच्याच्या चेंडूला लागून गेला तर 2. कॅरममध्ये स्ट्रायकर भोकात गेला तर दंड बसतो. इथे उलट न्याय.

गुण मिळत राहिले तोवर खेळाडू खेळत राहतो. चुकला की काठी खाली ठेवायची आणि गप्प बसायचे. आता हिशेब करू. बहुतेक फटक्यांना 2 किंवा 3 गुण मिळतात. म्हणजे शंभर गुण करायला साधारण चाळीस फटके लागले. चाळीस फटके, आणि एकही चूक नाही!

हे कसे जमते? नुसत्या नेमाने जमत नाही. आताचा फटका मारतानाच पुढच्या फटक्यासाठी चेंडू कुठे येऊन थांबतील, हे आधी ठरवावे लागते. केळीची बाग करणाऱ्याला हे वेगळे सांगायला नको. आजच्या घडावर नजर असते, पण पुढच्या पिकासाठी कोणता मुनवा ठेवायचा आणि कोणते काढून टाकायचे, हेही तो आधीच ठरवतो. आज हाती आलेले आणि उद्या हाती येणारे, दोन्हींवर एकदम नजर. बिलियर्ड्सचे सारे मर्म यातच आहे.

हा खेळ इंग्रजांनी आपल्याकडे आणला. लष्करी अधिकारी आणि साहेब लोक आपापल्या क्लबांत तो खेळत. याच खेळाचा धाकटा भाऊ म्हणजे स्नूकर. तो तर 1875 साली हिंदुस्थानातच, जबलपूर इथे इंग्रज अधिकाऱ्यांच्या मेळ्यात जन्मला. साध्या माणसाला या टेबलाजवळ उभे राहायला मिळणेही कठीण होते.

विल्सन जोन्स यांचा जन्म 2 मे 1922 रोजी पुण्यात झाला. घराणे अँग्लो-इंडियन. 1948 साली ते स्नूकरमध्ये देशात पहिले आले. 1950 साली बिलियर्ड्समध्येही पहिले आले. तेव्हा त्यांचे वय अठ्ठावीस होते. पुढे 1966 पर्यंत त्यांनी बिलियर्ड्सचे राष्ट्रीय अजिंक्यपद एकूण बारा वेळा आणि स्नूकरचे पाच वेळा जिंकले.

पण देशात पहिले येणे वेगळे आणि जगात पहिले येणे वेगळे. त्या काळी इंग्लंड आणि ऑस्ट्रेलियाचे खेळाडू फार जबरदस्त होते. 1952 साली जागतिक सामने आपल्या कलकत्त्यात झाले, तरी विजेता ठरला इंग्लंडचा ड्रिफील्ड. जोन्स यांना वाट पाहावी लागली. पण त्यांनी काठी खाली ठेवली नाही.

मग 1958 साल उजाडले. सामने पुन्हा कलकत्त्यात. तोच ड्रिफील्ड पुन्हा आला होता. या वेळी तो दुसरा आला आणि विल्सन जोन्स जगज्जेते झाले. वय छत्तीस.

या विजयाचे मोल लक्षात घ्या. आपल्या हॉकीच्या संघाने ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदके आणली होती, पण ती अकरा जणांची कमाई. कराडजवळच्या गोळेश्वरचे पैलवान खाशाबा जाधव यांनी 1952 साली एकट्याने ऑलिंपिकचे कांस्यपदक आणले. तोही मोठाच पराक्रम. पण एकट्याने खेळून जगज्जेता झालेला पहिला भारतीय म्हणजे विल्सन जोन्स.

वर चढणे कठीण, तसे वर टिकणे त्याहून कठीण. 1960 साली जोन्स यांची गादी गेली. 1962 साली ऑस्ट्रेलियात ते दुसरे आले. बॉब मार्शल पहिला. लोक म्हणतात, चाळिशी आली, आता काय व्हायचे? पण 1964 साली न्यूझीलंडमध्ये जोन्स पुन्हा जगज्जेते झाले! गेलेली गादी चार वर्षांनी परत मिळवली, तीही चाळिशी ओलांडल्यावर.

हे सामने हौशी खेळाडूंचे होते. हौशी म्हणजे पैशासाठी न खेळणारे. जगज्जेता झाला तरी पैशांची रास मिळत नसे. मिळाला तो मान. अर्जुन पुरस्कार आणि 1965 साली पद्मश्री. 1967 साली त्यांनी स्पर्धेतून निवृत्ती घेतली. पण घरी बसले नाहीत. तरुणांना शिकवू लागले. 1996 साली सरकारने त्यांना द्रोणाचार्य पुरस्कार दिला. हा पुरस्कार शिकवणाऱ्या गुरूला मिळतो. तेव्हा त्यांनी सत्तरी केव्हाच ओलांडली होती. 2003 साली मुंबईत त्यांचे निधन झाले.

त्यांच्या मागून वाट रुंद झाली. मुंबईचे मायकेल फरेरा 1977, 1981 आणि 1983 साली जगज्जेते झाले. त्यांचे आडनाव पोर्तुगीज वळणाचे, आपल्या वसईतल्या कितीतरी घरांसारखे. 1978 साली त्यांनी राष्ट्रीय स्पर्धेत एका दमात 1149 गुण केले. फटके किती झाले असतील, ते आता तुम्हीच मोजा. पुढे अहमदाबादचे गीत सेठी आले. मग पंकज अडवाणी आले. त्यांचाही जन्म पुण्याचाच, 1985 सालचा. त्यांनी पंचवीसहून अधिक जागतिक अजिंक्यपदे मिळवली आहेत.

एक गोष्ट मात्र सांगितली पाहिजे. काही ठिकाणी या टेबलावर पैसे लावून खेळतात. पत्ते काय, कॅरम काय, पैसे लावले की खेळ जातो आणि जुगार उरतो. जुगाराने घरे बुडतात. जोन्स यांच्यापासून घ्यायचा तो खेळ आणि सराव.

बारा फुटांचे टेबल आपल्या दारात येईल असे नाही, आणि यायलाच हवे असेही नाही. पण वय झाले म्हणून पाटी बाजूला सारणाऱ्याला आम्ही एवढेच सांगू : छत्तिसाव्या वर्षी जग जिंकता येते. हरल्यावर चाळिशीनंतर ते पुन्हा जिंकता येते. मग आपल्याला बाराखडी का येऊ नये?

शब्दांचे अर्थ

जगज्जेता – जग जिंकणारा
अजिंक्यपद – स्पर्धेत पहिले येण्याचा मान
निवृत्ती – कामातून किंवा खेळातून बाजूला होणे
मर्म – मुख्य गोष्ट, गाभा

प्रश्न

1. बिलियर्ड्सच्या टेबलात कापडाखाली काय असते? का?
2. एका खेळाडूने दोन्ही चेंडूंना स्पर्श केला, मग तांबडा चेंडू दोनदा भोकात घातला. एकूण गुण किती झाले?
3. विल्सन जोन्स कोणकोणत्या साली जगज्जेते झाले? मधे किती वर्षे गेली?
4. मोठेपणी शिकलेले एखादे काम आठवा. ते कसे शिकलात, हे पाच ओळींत लिहा.