प्लग नंतर, आधी नीट बघ

अगं, फोटो मिळाले. आजोबांच्या रेडिओच्या सामानातून ही राखाडी पेटी निघाली म्हणतेस. आत्याला तो जुना रेडिओ वाटतोय, दादाला बॅटरी चार्जर वाटतोय आणि भंगारवाला वजन करायला तयारच बसलाय. तू मला विचारलंस ते बरं केलंस. पण आधी एक ऐक. "लावून तर बघू, चालू होतंय का," असं कुणीही म्हणालं, तरी तिचा प्लग बोर्डात जाऊ द्यायचा नाही. दादाला माझं नाव सांग.

इतकी वर्षं बंद असलेल्या पेटीतले कंडेन्सर वाळलेले असतात. त्यात एकदम २३० व्होल्ट घातले की एखादा शॉर्ट होतो आणि ट्रान्सफॉर्मर जळतो. बाकी सुटे भाग शोधून मिळतील गं, पण जुन्या यंत्राचा नेमका ट्रान्सफॉर्मर आता कुठून आणणार? शिवाय तुझ्या फोटोतली वायर दोन पिनांची आहे, म्हणजे अर्थिंग नाही. रबर तडकलंय. अशा वेळी पत्र्याची पेटीच शॉक देऊ शकते. व्हॉल्व्हच्या यंत्रात आत अडीचशे-तीनशे व्होल्ट सहज असतात, ते वेगळंच.

आता ओळखायचं कसं? सगळे आधी नावाची पट्टी शोधतात आणि ती खरवडलेली दिसली की हात टेकतात. तू उलटीकडून सुरुवात कर. टेस्टिंगचं यंत्र सहसा दोनपैकी एक काम करतं: बाहेरून आलेलं काहीतरी मोजतं, नाहीतर स्वतः काहीतरी बाहेर देतं. काही यंत्रं दोन्ही करतात. समोरचा पत्रा नीट वाचलास तर हे कळतंच.

हँडल फिरवायचं असेल आणि डायलवर आडव्या आठासारखं अनंताचं चिन्ह असेल, तर तो मेगर. मोटारीचं वाइंडिंग जमिनीला लागलंय का, हे वायरमन त्यानं बघतो. बोरी नदीकाठच्या मळ्यांतून पंप दुरुस्त करणाऱ्यांनी तो वापरलेला असणार. हँडल फिरवलं की साधा मेगरही ५०० व्होल्ट देतो, त्यामुळे गंमत म्हणून फिरवू नकोस. मोठा अर्धगोल डायल, खाली दोन निवडनॉब आणि 'एव्हीओ' ही अक्षरं असतील, तर तो ॲव्होमीटर. १९२३ साली ब्रिटिश पोस्ट खात्यातल्या डोनाल्ड मॅकॅडी या इंजिनिअरच्या कल्पनेतून तो आला. अँपिअर, व्होल्ट आणि ओहम तिन्ही एकाच डब्यात. वेगवेगळ्या पिनांचे भरपूर सॉकेट एकाच पत्र्यावर दिसले तर व्हॉल्व्ह टेस्टर. डायलवर 'केसी' (किलोसायकल), 'एमसी' (मेगासायकल) अशा फ्रिक्वेन्सीच्या पट्ट्या आणि शेजारी ए, बी, सी असा बँडचा नॉब असेल तर सिग्नल जनरेटर. रेडिओची आयएफ, म्हणजे आतली ठरलेली फ्रिक्वेन्सी, ४५५ केसीवर लावायला मेकॅनिकला तो लागायचा.

तुझ्या पेटीवर यातलं काहीच नाही, म्हणून तू गोंधळलीस. एक मोठा डायल, दोन टर्मिनल, 'पॉवर फॅक्टर' लिहिलेला नॉब, आणि काचेआड तो गोल डोळा. डोळा बघूनच आत्या रेडिओ म्हणते, आणि त्यात तिचं चुकलंय असंही नाही. हा 'मॅजिक आय' व्हॉल्व्ह १९३५ साली अमेरिकेत आरसीए कंपनीनं बाजारात आणला. स्टेशन नीट लागलं की नाही, हे तो हिरव्या उजेडानं सांगायचा. पण तुझ्या पेटीला स्पीकर कुठाय? स्टेशनांचा काटा कुठाय? आणि डायलवर पीएफ, एमएफडी आणि ओहम लिहिलंय. म्हणजे ही पेटी स्टेशन धरत नाही, कंडेन्सर आणि रेझिस्टन्स मोजते. माझ्या मते हा आरसी ब्रिज आहे. फिलिप्सच्या 'फिलोस्कोप' नावाच्या ब्रिजलाही असाच डोळा असायचा.

त्याचं काम तागडीसारखं. एका पारड्यात आतला माहीत असलेला भाग, दुसऱ्यात टर्मिनलला जोडलेला अनोळखी भाग. डायल फिरवत जायचं. दोन्ही बाजू सारख्या झाल्या की डोळ्यातली सावली जास्तीत जास्त रुंद होते, आणि डायलवर जो आकडा असेल ते उत्तर. याचं मूळ व्हीटस्टन ब्रिजमध्ये आहे. १८३३ मध्ये क्रिस्टी यांनी तो मांडला आणि १८४३ मध्ये व्हीटस्टन यांच्यामुळे तो जगभर गेला. तू बी.एस्सी.ला पितळी खुंट्यांचा 'पोस्ट ऑफिस बॉक्स' वापरशील, तो याचाच थोरला भाऊ.

पॉवर फॅक्टरचा नॉब आहे म्हणजे हा ब्रिज कंडेन्सर किती चांगला उरलाय तेही सांगतो. रेडिओत सगळ्यात आधी बिघडायचे ते कंडेन्सरच, म्हणून दुरुस्ती करणाऱ्या माणसानं हे घेणं अगदी साहजिक. एक मात्र बघ. 'लीकेज' लिहिलेलं बटण आणि त्यापुढे २५ पासून ४५० पर्यंत आकडे असतील, तर समोरच्या त्या दोन टर्मिनलवर तेवढे व्होल्ट येतात. चालू असताना तिथे बोट नाही.

वय काढायला पत्रिका लागत नाही, पत्ता पुरतो. पेटीच्या मागे लावलेल्या दुकानदाराच्या स्टिकरवर 'लॅमिंग्टन रोड, बॉम्बे-७' आणि 'प्रायव्हेट लिमिटेड' आहे ना? कंपन्यांच्या नावात 'प्रायव्हेट' लिहिणं १९५६ च्या कंपनी कायद्यानं सक्तीचं झालं. सहा आकडी पिनकोड आला १५ ऑगस्ट १९७२ ला, आणि 'बॉम्बे-७' हा त्याआधीच्या पद्धतीचा पत्ता. म्हणजे पेटी विकली गेली ती बहुधा या दोन सालांमध्ये. दुकानदार जुनी स्टिकरं संपवत बसतात, म्हणून 'बहुधा'. नुसतं 'पूना' किंवा 'हैदराबाद (डेक्कन)' दिसलं तरी वस्तू जुनी समज. हर्ट्‌झ हे एकक १९६० मध्ये जगानं ठरवून घेतलं, तेव्हा एखाद्या यंत्राच्या डायलवर 'केसी' असेल तर तोही जुनेपणाचाच पुरावा. भारतीय बनावट असेल तर नाशिकच्या मोटवानेंचं नाव शोध. गांधी-नेहरूंच्या सभांना लाउडस्पीकर पुरवणारं 'शिकागो रेडिओ' याच घरचं. शिवाय ठाण्याचं ॲपलॅब १९६२ चं आणि हैदराबादचं ईसीआयएल १९६७ चं. आपलं गाव सोलापूर-हैदराबाद रस्त्यावर, त्यामुळे माल दोन्हीकडून आलेला असू शकतो.

आतून बघायचं तर प्लग बाहेर ठेवूनच मागचा पत्रा काढ. तोंडाला रुमाल बांध, माळ्यावरच्या वस्तूंत उंदरांची घाण असते. पुसायच्या आधी फोटो काढ, कारण व्हॉल्व्हवरची छपाई बोटानंसुद्धा जाते. 'ई'नं सुरू होणारा नंबर म्हणजे हीटर ६.३ व्होल्टचा, आणि त्यापुढे 'एम' असेल तर तोच डोळा. एखादा भाग नवा दिसला म्हणून पेटीचं वय कमी करू नकोस. तो फक्त शेवटच्या दुरुस्तीची तारीख सांगतो.

चालू करायचीच असेल तर जुन्या मेकॅनिकसमोर, आधी वायर आणि वाळलेले कंडेन्सर बदलून, सिरीज बोर्डवर, ६० वॉटचा तारेचा बल्ब लावून. एलईडी चालणार नाही. बल्ब लख्ख पेटून तसाच राहिला तर आत शॉर्ट आहे, लगेच बंद. पेटून मंद झाला तर पुढे जायला हरकत नाही. आणि बंद केल्यावरही कंडेन्सरमध्ये चार्ज राहतो, म्हणून लगेच हात घालायचा नाही.

आता जरा मनातलं. सोलापूरला सुटे भाग आणायला दुकानात गेलीस की विचारशील तू आणि उत्तर देतील दादाकडे बघून. मला ते नेहमी झोंबायचं. रागावू नकोस. कंडेन्सरचा नंबर तुझ्या तोंडून आला की माणूस आपसूक तुझ्याकडे वळतो. त्या म्हाताऱ्या मेकॅनिककडून शिकून घे. पुस्तकात नसलेलं त्यांच्या हातात आहे.

भंगारवाल्याला देऊ नकोस. तो तांब्याचे आणि पत्र्याचे पैसे देईल, त्यात तुझं एक पुस्तकही येणार नाही. पेटीवर कागद चिकटवून लिही: आरसी ब्रिज, आजोबांच्या वापरातला, अंदाजे १९५६ ते १९७२, दुरुस्तीशिवाय प्लग लावू नये. मग कॉलेजच्या प्रयोगशाळेत सरांना दाखव. आणि मागच्या पत्र्याचा उजेडात काढलेला फोटो मला आजच पाठव.