शेताचे तुकडे आणि डिझेलचा धूर

आपल्यापैकी पुष्कळांची जमीन एका जागी नसते. एक तुकडा ओढ्याकाठी, दुसरा माळावर, तिसरा गावाच्या पलीकडे. आजोबांच्या वेळी वाटण्या झाल्या, मग वडिलांच्या वेळी झाल्या. प्रत्येक भावाला काळ्या जमिनीत वाटा हवा आणि माळातही हवा. म्हणून तुकड्यांचे तुकडे पडले.

बैलांना या फेऱ्यांसाठी कडबा लागे. ट्रॅक्टरला डिझेल लागते. हिशेब करून पाहू. समजा, तिन्ही तुकड्यांवर जाऊन यायला ट्रॅक्टर 12 किलोमीटर चालतो. 4 किलोमीटरला 1 लिटर धरले, तर 3 लिटर डिझेल नुसते वाटेवर जाते. नांगराचा फाळ अजून मातीला लागलाही नाही!

शेतातही तीच गत. आखूड तुकड्यात बांध लगेच आडवा येतो. नांगर उचला, वळा, पुन्हा लावा. वळताना इंजिन चालू असते, पण नांगरट होत नाही.

1 लिटर डिझेल जळले की सुमारे 2.7 किलो कर्बवायू तयार होतो. तेल तर किलोभरही नसते! मग इतका वायू कसा? तेलातला कर्ब हवेतला प्राणवायू घेतो, म्हणून वजन वाढते. आपल्या 3 लिटरचा 8 किलोंहून जास्त वायू झाला. हा वायू दिसत नाही. तो घोंगडीसारखी पृथ्वीची ऊब अडवून धरतो. त्यामुळे उष्णता वाढते, पावसाचा नेम बिघडतो. त्याची झळ आपल्या पिकालाच लागते.

मुंबई प्रांतात 1947 साली तुकडेबंदी व तुकडेजोड कायदा झाला. शेती परवडावी, हा त्याचा हेतू. जमीन जोडली की डिझेलही वाचते.

मग आपण काय करावे?

1. शेजारी-शेजारी शेते असणाऱ्यांनी एकाच दिवशी ट्रॅक्टर बोलवावा. एका फेरीत सर्वांचे काम होते.
2. तास लांब धरावे. मात्र उताराला आडवे. नाहीतर माती वाहून जाईल.
3. भावाभावांनी सलोख्याने तुकड्यांची अदलाबदल करावी. दस्त नोंदवावा आणि सात-बारा उताऱ्यावर नोंद करून घ्यावी. तोंडी बोलीवर राहू नये.

पैसा वाचेल, धूरही कमी होईल.

प्रश्न : तुमच्या जमिनीचे तुकडे किती? तेथे जाऊन येण्यात किती डिझेल जाते? हिशेब वहीत लिहा.