झुकिनी ब्रेड : नाव भाजीचं, हिशेब साखरेचा

मुलांकडे अमेरिकेला गेलेले आईवडील जुलै-ऑगस्टमध्ये हमखास विचारतात, "डॉक्टर, सून घरी झुकिनी ब्रेड करते. भाजीचाच आहे, मधुमेहात चालेल ना?" त्या दिवसांत तिकडे परसातली झुकिनी शेजारीपाजारी वाटूनही संपत नाही. मग ती किसून ब्रेडमध्ये जाते.

नावात ब्रेड असला तरी हा केकच आहे. नेहमीची कृती बघा. दोन लोफसाठी ३ कप मैदा, सव्वादोन कप साखर, १ कप तेल, ३ अंडी आणि २ कप किसलेली झुकिनी. याचे २४ स्लाइस केले, तर एकेकात सुमारे १९ ग्रॅम साखर येते, म्हणजे साडेचार चमच्यांहून जास्त. शिवाय दोन चमचे तेल. झुकिनी मात्र जेमतेम १० ग्रॅम, आणि तिच्यात ९५ टक्के पाणीच! मैदा धरला तर एका स्लाइसमध्ये साधारण दोन फुलक्यांइतकी कर्बोदकं जातात. मधुमेह असेल तर तेवढे फुलके ताटातून कमी करूनच खा, आणि एकच स्लाइस.

घरी करताना मात्र बरंच काही आपल्या हातात असतं. साखर सरळ निम्मी करा. यात दालचिनीही घालतात, तिच्यामुळे ते फारसं जाणवत नाही. पूर्ण मात्र काढू नका, नाहीतर लोफ कोरडा होतो. अर्ध्या मैद्याच्या जागी कणीक घ्या, अर्ध्या तेलाच्या जागी दही. झुकिनी सालासकट किसा. कणीक पाणी जास्त शोषते, तेव्हा कीस पिळू नका. गूळ किंवा मध घातल्याने मधुमेह्याचं काही भलं होत नाही, रक्तातली साखर त्यांनीही वाढतेच. नातवंडांना कच्चं मिश्रण चाटू देऊ नका. कच्च्या अंड्यात आणि कच्च्या मैद्यातही जंतू असू शकतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं. किसण्याआधी प्रत्येक झुकिनीचा छोटा तुकडा जिभेवर ठेवून बघा. कडू लागला तर थुंकून टाका आणि ती झुकिनी फेकून द्या. आपल्याकडे कडू दुधीचा रस पिऊन माणसं दगावली आहेत. तेच कुकुर्बिटासिन हे विष कडू झुकिनीत असतं. जर्मनीत २०१५ साली घरच्या बागेतली झुकिनी खाऊन एक वृद्ध गृहस्थ मरण पावले. घरी धरून ठेवलेल्या बियांच्या झाडांना, विशेषतः जवळपास शोभेचे भोपळे असतील तर, अशी कडू फळं लागू शकतात. ओव्हनच्या उष्णतेने हे विष जात नाही, आणि साखर-दालचिनीत कडवटपणा लपतो.

खाल्ल्यावर काही तासांत पोटात कळा, उलट्या, जुलाब सुरू झाले, त्यात रक्त दिसलं किंवा चक्कर आली, तर घरगुती उपायांत वेळ घालवू नका. यावर उतारा नाही. सलाइन देऊन रक्तदाब सांभाळावा लागतो. तातडीने रुग्णालय गाठा, काय खाल्लं ते सांगा आणि उरलेला तुकडा सोबत न्या.