टाळीच्या पलीकडे

हार्बर लाइनच्या लोकलमध्ये टाळी ऐकू आली की आपण काय करतो? झोपेचं सोंग घेतो, नाहीतर दहाची नोट काढून मोकळे होतो. बोलत मात्र कुणीच नाही.

थॉमस वार्टमान यांचा ‘बिटवीन द लाइन्स’ (२००५) हा माहितीपट नेमकं ते बोलणं सुरू करतो. छायाचित्रकार अनिता खेमका मुंबईतल्या तीन हिजड्यांना भेटतात, त्यांचं जगणं समजून घेतात. त्यातल्या एक म्हणजे ठाण्याच्या लक्ष्मी नारायण त्रिपाठी. त्यांचं ‘मी हिजडा, मी लक्ष्मी’ हे आत्मकथन पुढे २०१२ मध्ये वैशाली रोडे यांच्या शब्दांकनातून मराठीत आलं.

आधी शब्द नीट समजून घेऊ. जन्माच्या वेळी शरीर बघून मुलगा की मुलगी हे ठरतं. ज्या व्यक्तीची आतली ओळख त्याच्याशी जुळत नाही, ती ट्रान्सजेंडर म्हणजे पारलिंगी. मुलगी म्हणून वाढवलेला ट्रान्स पुरुषही असतो, पण त्याच्याबद्दल आपण क्वचितच ऐकतो. पुरुष किंवा स्त्री यांपैकी एका चौकटीत ज्यांना स्वतःला बसवता येत नाही, ते नॉन-बायनरी. हिजडा ही गुरू-चेल्याच्या नात्यावर उभी असलेली जुनी परंपरा आहे. घर तुटलेल्या कितीतरी जणांना तिथेच आसरा मिळतो. पण सगळे ट्रान्सजेंडर हिजडे नसतात. आणि कुणाचं प्रेम कुणावर बसतं, हा तर वेगळाच विषय.

२०११ च्या जनगणनेत ‘इतर’ या रकान्यात देशात ४,८७,८०३ जणांची नोंद झाली. १५ एप्रिल २०१४ रोजी सुप्रीम कोर्टाने नालसा खटल्यात तृतीय लिंगाला मान्यता दिली आणि ओळखीसाठी ऑपरेशनची सक्ती बेकायदा ठरवली.

माहितीपट संपल्यावर आमच्या रूममध्ये रात्री दोनपर्यंत चर्चा चालली. एकजण म्हणाला, “हे लोक नोकरी का करत नाहीत?” दुसऱ्याने विचारलं, “तू कंपनी काढलीस तर घेशील?” तो गप्प झाला.

मीही गप्पच होतो. फर्स्ट इयरला आमच्या मजल्यावरच्या एका मुलाला सगळे ‘छक्का’ म्हणायचे. मीही म्हणायचो. सेकंड सेमला तो हॉस्टेल सोडून गेला. का गेला, हे कुणी विचारलं नाही. त्याची ओळख काय होती, ते मला ठाऊक नाही. ती ठरवायचा अधिकार आमचा नव्हताच.

हा माहितीपट एकदा कॉमन रूममध्ये लावूया. वॉर्डन सरांनी आणि मेसच्या काकांनीही यावं. बघून झाल्यावर मात्र लगेच उठायचं नाही, बोलायचं.