मामाचा रुपया आणि आर्किमिडीज

गेल्या दिवाळीत मुलुंडच्या मामाने एक नाणं माझ्या हातावर ठेवलं. "इंजिनिअर होतोयस ना? मग सांग, खरं की खोटं?" बोनसचे अर्धे पैसे त्यात गेले होते, हे मामीला माहीत नव्हतं. नाण्यावर इंग्रजीत मुंबईचा रुपया, १६७७ साल आणि राजा दुसऱ्या चार्ल्सचं नाव!

मित्रांनो, असं नाणं खरोखरच आहे, आणि अतिशय दुर्मिळ. १६६१ च्या विवाहकरारात पोर्तुगीजांनी मुंबई चार्ल्सला दिली. १६६८ मध्ये त्याने ती वर्षाला दहा पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीकडे सोपवली. कंपनीने इथे टांकसाळ काढली, १६७६ मध्ये राजाने नाणी पाडायची सनद दिली. पण मुंबई म्हणजे तेव्हा फक्त बेटं. आपलं मुलुंड, घाटकोपर, अंधेरी साष्टीत, म्हणजे पोर्तुगीजांकडेच. आणि व्यापार सगळा मुघल मुलखाशी. तिथल्या सराफाला फारसी अक्षरं ओळखीची, चार्ल्स कोण हे त्याला काय ठाऊक?

पुढे विल्यम आणि मेरी यांची नावं फारसीत घालून रुपये पाडले. त्यावरून औरंगजेबाच्या दरबारात नाराजी झाली. १६९५ मध्ये 'गंज-ए-सवाई' जहाज लुटलं गेलं, त्यानंतर इतिहासकार खाफीखान मुंबईला आला. त्याने या नाण्यांचा जाब विचारला. इंग्रजांचं उत्तर त्याने लिहून ठेवलंय: तुमची नाणी वजनात कमी आणि भेसळीची, देवघेवीत भांडणं होतात, म्हणून आमची पाडली, ती आमच्याच हद्दीत चालतात. (थोडक्यात, बाहेर चालत नाहीत!) शेवटी १७१७ मध्ये बादशहा फर्रुखसियरकडून त्याच्याच नावाने नाणी पाडायची परवानगी घ्यावी लागली. गंमत म्हणजे त्या रुपयांवर टांकसाळीचं नाव फारसीत 'मुंबई' असं आहे.

आता मामाचं नाणं. वजन आणि भेसळ हाच मुद्दा असेल तर आर्किमिडीज आहेच. डिजिटल काट्यावर पाण्याचा बीकर ठेवून काटा शून्यावर आणा. नाणं दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडवा, तळाला टेकू देऊ नका, बुडबुडे झटका. काटा जेवढे ग्रॅम दाखवेल तेवढे घनसेंटिमीटर नाण्याचं आकारमान. आधी आजीचा १९१८ चा रुपया घेतला. वजन ११.६२ ग्रॅम, काटा १.१३, घनता १०.२८. शुद्ध चांदीची १०.४९ असते, आणि त्या रुपयात ९१.७ टक्के चांदी. म्हणजे पद्धत बरोबर.

मग मामाचं. वजन ११.२४, काटा १.३१. भागाकार तीनदा केला. ८.५८. पितळेच्या आसपास, वर चांदीचा मुलामा. भिंगातून पाहिलं तर अक्षरांच्या कडेला बारीक खड्डे, म्हणजे ठशाने पाडलेलं नाही, साच्यात ओतलेलं. (घनता बरोबर आली असती तरी नाणं अस्सल ठरलं नसतं. खोटं नाणं चांदीचंही करता येतं.)

फोनवर आकडे सांगितले. मामा बराच वेळ गप्प. मग म्हणाला, "मामीला १०.२८ वाला सांग."