मांडीवरचे बाळ : एक चित्राभ्यास

नाताळच्या कार्डांवर व कॅलेंडरांवर वरचेवर छापले जाणारे एक गोल चित्र पुष्कळ वाचकांनी पाहिले असेल. आईने बाळाला छातीशी घेतले आहे आणि शेजारी एक मुलगा हात जोडून उभा आहे. राफाएल या इटालियन चित्रकाराने सुमारे १५१३-१४ मध्ये लाकडी फळीवर रंगविलेले हे चित्र फ्लॉरेन्सच्या पित्ती राजवाड्यात आहे. व्यास अवघा ७१ सेंटिमीटर. या पाठात आपण ते समोर ठेवू. अर्थातच भजण्यासाठी नव्हे, वाचण्यासाठी.

प्रथम विषय बाजूला ठेवून रेषा पाहाव्यात. डावीकडचा खुर्चीचा कोरीव खांब तेवढा ताठ आहे. बाकी सारे वळते. मरीयेची झुकलेली मान, खांद्यावरून उतरणारी हिरवी शाल, बाळाला कवटाळणारे हात, वर घेतलेला गुडघा. चौकट गोल, तशीच मिठीही गोल. बाळाचे दुमडलेले कोपर जवळजवळ मधोमध येते आणि आपली नजर फिरून तेथेच परतते. मागे काळोख असल्यामुळे लाल बाही, गुडघ्यावरचे निळे वस्त्र व बाळाचा पिवळसर झगा उठून दिसतात.

आता नजरा पाहा. मुलगा, म्हणजे योहान, त्या दोघांकडे पाहतो. आई व बाळ मात्र आपल्याकडे. बाळ गुबगुबीत आहे, पण हसत नाही. योहानाजवळ बारीक काठीचा क्रूस आहे. तो इतका कडेला आहे की घाईत सुटतो. रविवारच्या शाळेत मुलांना आधी तोच शोधायला सांगावे.

पण ही आई कुठली? डोक्याला पट्ट्यापट्ट्यांचे वस्त्र, बसायला कोरीव खुर्ची. राफाएलने तिला आपल्याकडचा पोशाख दिला, यात त्याचे काही चुकले नाही. चूक आपली, तीच एक मरीया खरी असे आपण धरून बसलो तर.

आपल्या शेजारच्या गोव्यात १९०२ मध्ये जन्मलेले आंजेलो द फोन्सेका शांतिनिकेतनात अवनींद्रनाथ ठाकूर व नंदलाल बोस यांच्या हाताखाली शिकले. त्यांनी मरीयेला साडी नेसविली, सावळा वर्ण दिला. गोव्यात टीका झाली. ते स्वतः कॅथलिक, पण त्यांना आसरा मिळाला तो अँग्लिकन मिशनरींनी स्थापिलेल्या पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात. १९६७ मध्ये पुण्यातच ते वारले. त्यांची पुष्कळ चित्रे आज पर्वरीच्या झेवियर सेंटरमध्ये आहेत. जलरंगांच्या पातळ थरांमुळे त्यांत कडा मऊ होतात आणि रंग मातीकडे झुकतात. राफाएलची मरीया आपल्याला न्याहाळते. फोन्सेकांची आई बहुधा पापण्या खाली करून असते.

निपाणीच्या गल्लीत विडी वळणारी बाई सूप पुढ्यात घेऊन बसते, तेव्हा मूल तिच्या मांडीला टेकून झोपलेले असते. तिचीही मान खालीच असते. लूक १:४८ मध्ये मरीया स्वतःविषयी काय म्हणते, ते येथे उघडून पाहावे.

आमच्या भागात एका नाताळच्या नाटकात मरीयेला इरकली लुगडे नेसविले, तेव्हा काही वडीलधाऱ्यांना ते रुचले नाही. मरीया बिघडविली म्हणाले. पहिल्या रांगेतली एक म्हातारी मात्र शेजारणीला विचारीत होती, "पोर कुणाची गं? लुगडं नीट नेसलीय."